क्यूआर कोडचं मेडिकल ब्रेसलेट घ्यावं का? वेळेला खरंच कोणी स्कॅन करतं का?

तुम्हाला टाइप वन मधुमेह आहे, नोकरीसाठी रोज निपाणी-बेळगाव ये-जा आहे आणि मनगटावर कोडची पट्टी बांधून उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. रस्त्यावर कोणी स्कॅन करत नाही. तरी घ्या, पण कोडसाठी नको, त्यावरच्या अक्षरांसाठी घ्या.

मी खानापूरचा, १९ वर्षं इन्सुलिनवर. एकदा बेळगावात इन्सुलिन टोचून घेतलं, जेवण राहिलं आणि तसाच बसमध्ये चढलो. मच्छे गाव मागं पडलं आणि रक्तातली साखर उतरली, घाम फुटला, जीभ जड झाली. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर मी भलतंच काहीतरी बरळलो. मागून कानडीत आवाज आला, "कुडदान री," म्हणजे प्यालाय. गोव्याची हद्द जवळ, झिंगलेला माणूस आमच्याकडं नवीन नाही. पाकिटात चिठ्ठी होती की, तीही मराठीत. पण परक्याच्या पाकिटाला हात कोण लावणार? उद्या चोरीचा आळ यायचा. शेवटी शेजारच्या आजींनी माझा दंड धरून बघितला, गार घाम लागला तशी म्हणाल्या, "शुगर ऐतेन री?" आणि बाजाराच्या पिशवीतली साखरेची पुडी फाडून माझ्या तळहातावर ओतली. त्यांच्या घरात हाच त्रास होता म्हणून त्यांना कळलं, एवढंच.

त्यानंतर स्टीलची पट्टी करून घेतली. वर इंग्रजीत ठळक 'डायबेटिस, इन्सुलिन', खाली कानडीत 'सक्करे कायिले', मग घरचा नंबर. मराठी नाही. भाषेचा अभिमान आपल्या जागी, पण १०८ मधून उतरणारा माणूस बहुतेक कानडीच वाचणार.

कोड मागच्या बाजूला आहे. तो दवाखान्यात पोचल्यावरचा. पट्टी आली त्या दिवशी चहावाल्याला म्हटलं, स्कॅन करून बघ. त्यानं सवयीनं पैशाचं ॲप उघडलं आणि 'हा कोड चालत नाही' म्हणून हात वर केले! फोनच्या कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं तेव्हा उघडला.

कोड दोन जातीचे असतात. एकात मजकूरच भरलेला असतो, तो नेट नसतानाही दिसतो. दुसऱ्यात नुसता वेबसाइटचा पत्ता. त्यात माहिती हवी तेव्हा बदलता येते, पण रेंज लागते, आणि कंपनीची वर्गणी संपली की पान गायब. आमच्या कणकुंबी-जांबोटीकडं रेंजचा भरवसा नाही, म्हणून मी पहिला घेतला. मजकूर मात्र इंग्रजीत आणि थोडका ठेवा. देवनागरीचं एकेक अक्षर कोडमध्ये साधारण तिप्पट जागा खातं, चौकटी बारीक होतात आणि एवढ्याशा पट्टीवर कॅमेऱ्याला पकडता येत नाहीत. आजार, इन्सुलिनचं नाव, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि 'बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नका' एवढं पुरे. आधार नंबर, घरचा पत्ता अजिबात नको, पट्टी हरवली तर कोणीही वाचेल. रक्तगट लिहायची हौस असेल तर लिहा, रक्त चढवण्याआधी ते तपासतातच.

बरेच जण म्हणतात, आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) आहे की, त्यावरही कोड आहे. आहे, १४ आकडी नंबरही आहे. पण त्या कोडनं काउंटरवर तुमची ओळख पटते, ओपीडीची चिठ्ठी लवकर निघते. जुने रिपोर्ट उघडायला तुमची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस ती कुठून देणार? (पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं, त्याच्याशी याची गल्लत नको.)

आणि फुकटचं काम आजच करा. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहितीची जागा असते, तिथं हेच सगळं भरा आणि लॉक असतानाही दिसेल असं ठेवा. दवाखान्यातली माणसं फोनही बघण्याचा संभव असतो.

इन्सुलिन बदललं की कोडही बदलावा लागतो. माझं मागच्या वर्षी बदललं, तेव्हा चार महिने मी जुनाच कोड मिरवत होतो. आता मजकुराच्या शेवटी तारीख घालतो.