कपाट ढकललं, मग एनर्जी गेली कुठं?
बघ भावा, तू विचारायलास ना की लोखंडी कपाट एकसारख्या स्पीडनं सरकवलं तर कायनेटिक एनर्जी (गतीमुळं असणारी ऊर्जा) वाढत नाही, मग आपली मेहनत गेली कुठं, तर ती घर्षणात गेली, शहाबादी फरशी आन् कपाटाचे पाय जरासे गरम झाले. 200 न्यूटन जोर लावून 3 मीटर सरकवलं की 200 गुणिले 3, म्हणजे 600 ज्यूल काम झालं, तेवढीच उष्णता, हरवलं काहीच नाही.

जागचं हलवताना जोर जास्त लागतो कारण स्थिर घर्षण मोठं असतंय, एकदा सरकलं की कमी लागतो. अन् वरून तिरपं दाबून ढकलू नको, फरशीवर दाब वाढतो तसं घर्षणबी वाढतंय. लातूरला क्लासला चाललास म्हणून सांगतो, आधी फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरचे सगळे जोर बाणांनी दाखवणारं चित्र) काढ, घर्षण सरकण्याच्या उलट्या दिशेनं असतंय म्हणून त्याचं काम ऋण (मायनस) धर, पोरं मार्क इथंच घालवतेत.