मेनफ्रेमच्या टेपवर ईएक्सपीडीटी=९९००० (मुदत संपण्याची तारीख; पहिले दोन अंक वर्षाचे) दिसतंय, म्हणजे मुदत १९९९ मध्येच संपली का?

नाही. सीए १ हे टेप व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ९९००० ही तारीख नसून सूचना आहे: डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) कॅटलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, आहे तोवर टेप सोडू नका. म्हणूनच जीडीजीसाठी (एकाच डेटासेटच्या क्रमवार आवृत्त्यांचा, म्हणजे जनरेशन्सचा, गट) ती सोयीची पडते. ठरलेली मर्यादा भरल्यावर नवी जनरेशन आली की सर्वांत जुनी कॅटलॉगमधून गळते आणि तिची टेप पुढच्या क्लीनअपला स्क्रॅच होते, म्हणजे पुन्हा वापरायला मोकळी होते. धोकाही तिथेच आहे. कोणी चुकून डेटासेट अनकॅटलॉग केला, म्हणजे कॅटलॉगमधून काढला, की संरक्षण संपलं, आणि त्याची आगाऊ सूचना सहसा कोणी देत नाही!

९९३६५ म्हणजे टेप कायमची ठेवायची. ९८००० म्हणजे बाहेरून आलेली टेप, तिच्याकडे सीए १ लक्ष देत नाही. डीएफएसएमएस-आरएमएम या आयबीएमच्या टेप व्यवस्थापकात मात्र हे आकडे गृहीत धरू नका. तिथे मुदत सहसा व्हीआरएस नियमांवर (कोणता डेटा किती काळ जपायचा ते सांगणारे नियम) ठरते आणि ९९००० ला अर्थ द्यायचा तर एक्झिटची (आपण जोडायच्या छोट्या प्रोग्रामची) जोड लागते. एकातून दुसऱ्यात स्थलांतर करताना नेमका हाच मुद्दा निसटतो.

ठरावीक दिवसच ठेवायचं असेल तर रेटपीडी (जपण्याच्या दिवसांची संख्या) द्या. दिवस निर्मितीपासून मोजले जातात. एकाच डीडीवर (जॉबमध्ये डेटासेटचं वर्णन करणारं विधान) ईएक्सपीडीटी आणि रेटपीडी दोन्ही चालत नाहीत. खरी तारीख लिहायची तर चार अंकी वर्षासह, २०३१/१२० अशी, म्हणजे २०३१ चा १२० वा दिवस. माझं मत विचाराल तर जेसीएलमध्ये (जॉब चालवण्याच्या विधानांमध्ये) तारखा विखुरण्यापेक्षा मुदत टेप व्यवस्थापनाच्या नियमांत, डेटासेटच्या नावानुसार ठेवा.

चुकून स्क्रॅच झाली तरी टेपवर पुन्हा लिहिलं जाईपर्यंत डेटा बहुधा तिथेच असतो. तेव्हा व्हॉल्यूम सिरीयल (टेपचा ओळख क्रमांक) शोधून टेप लगेच अडवा.