विंडोजशेजारी लिनक्स बसवतोयस? आधी हे वाच

घाई करू नकोस. पहिलं काम बॅकअप, तोही बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (म्हणजे तिच्याच वेगळ्या कप्प्यात) ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. मी स्वतः एकदा चुकीच्या पार्टिशनवर फॉरमॅट दाबलं आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. आई अजून ऐकवते.

विंडोज आधीपासून आहे ते बरंच आहे, लिनक्स नंतरच टाकावं. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून 'श्रिंक' करून काढ. उबुंटूला (लिनक्सचाच एक प्रकार) 60-70 जीबी पुष्कळ झाले. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरव. आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद कर. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. नवखे इथेच अडकतात.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' म्हणजे सगळी डिस्क पुसायचा पर्याय दिसेल. तिकडे बोटही नेऊ नकोस.

खरं सांगू? डेस्कटॉप असेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन वेगळी छोटी एसएसडी घे. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेव, चुकायला वावच नाही.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नकोस, मदरबोर्डची बॅटरीही बदलू नकोस. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहितं, विंडोज ती स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की झालं.