कोल्हापुरात एजंटाशिवाय घर विकायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साने गुरुजी वसाहतीत वडिलांच्या नावावरचं घर आहे, वडील आता नाहीत, साठ लाखांची अपेक्षा आहे, एजंट दोन टक्के मागतोय, त्याच्याशिवाय जमेल का?

जमेल. दोन टक्के म्हणजे १ लाख २० हजार रुपये, ही रक्कम वाचवण्यासारखीच आहे. फक्त एक गैरसमज आधी दूर करा. गिऱ्हाईक आणणं हे या व्यवहारातलं सोपं काम आहे. सौदे मोडतात ते विसार झाल्यावर, गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील कागद चाळायला बसतो तेव्हा. म्हणून ‘घर विकणे आहे’चा बोर्ड लावायच्या आधी महिना-दीड महिना कागदांना द्या.

पहिला कागद प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा. उपनगरांत काही प्लॉटांना कार्ड आहे, काही अजून बिगरशेती सातबाऱ्यावर आहेत. तुमचं कोणतं ते बघा आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा. कपाटातली दहा वर्षांपूर्वीची प्रत चालणार नाही. उताऱ्यावर चार गोष्टी वाचायच्या: नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्कानं धरली आहे ते) आणि बोजा.

सगळ्यात जास्त वेळ नावाला लागतो. घरफाळ्याच्या पावतीवर तुमचं नाव असलं म्हणून तुम्ही मालक होत नाही. कार्डावर वारसनोंद लागली पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मिळकतीत आई, सगळी मुलं आणि सगळ्या मुली यांचा सारखा हिस्सा येतो. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही येतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. एखादी बहीण वारली असेल तर तिची मुलं वारस लागतात. ‘ताईनं आम्हाला स्टॅम्पवर लिहून दिलंय’ असं घरोघरी ऐकायला मिळतं, पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर बँकेचा वकील ते बाजूला ठेवतो. बहिणींना त्यांचा वाटा द्यायचाच असेल तर हक्कसोडाच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांनी खरेदीपत्रात ‘लिहून देणार’ म्हणून यावं आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम थेट त्याच्या खात्यात जावी. यात कायद्याची बाजूही स्वच्छ राहते आणि बहीणभावांचं नातंही. बोलणी मात्र आत्ता करा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना घरात हिश्श्याचा विषय निघाला की व्यवहार तिथंच थांबतो.

बोजा म्हणजे त्या मिळकतीवरचं कर्ज. आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेचं पंचवीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण कार्डावरची नोंद तशीच राहिलेली असते. त्यासाठी कर्जफेडीचा दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन सिटी सर्व्हेला, म्हणजे नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. गहाणखत नोंदवलेलं असेल तर त्याचं मुक्तिपत्रही नोंदवावं लागतं. पतसंस्था अवसायनात (बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेली असेल तर ते पत्र तिथं नेमलेल्या अवसायकाकडून मिळवायचं, आणि त्याला महिने लागू शकतात. सत्ताप्रकाराच्या रकान्यात ‘ब’ असेल तर ती शासनानं अटींवर दिलेली जमीन असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. देवस्थान इनामाचा (देवस्थानाला दिलेल्या जमिनीचा) उल्लेख दिसला तरी आधी वकिलाकडे जा.

क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट मिळतात; १३९.४ चौ. मी. म्हणजे सुमारे १,५०० चौ. फूट. मग मंजूर नकाशा काढा आणि घराशी ताडून बघा. वरची खोली, मागचा पत्र्याचा भाग नकाशात नसेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा ते बांधकाम सहसा धरत नाही. तुम्ही साठ सांगता, तो बावन्न काढतो, आणि गिऱ्हाइकाचं कर्ज बावन्नवर बसतं. नकाशा हरवला असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात नकलेसाठी अर्ज करा. घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल भरून टाका. मालकी आणि बोजाच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून स्वतःच काढून घ्या. त्रुटी गिऱ्हाइकाआधी तुम्हाला कळलेली बरी.

कोल्हापुरातलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: २०१९ ला आणि २०२१ ला इथं पाणी आलं होतं का? आलं नसेल तर नगररचना विभागाकडून पूररेषेबाबतचा दाखला घेऊन ठेवा, त्यापुढे वाद उरत नाही. आलं असेल तर किती फूट आलं ते सांगा. सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्यावर कायद्यानंच टाकलेली जबाबदारी आहे. आणि गल्लीतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक चौकशी करणारच आहे.

किमतीसाठी जाहिरातींवर जाऊ नका, तिथं लोकांच्या इच्छा लिहिलेल्या असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आजूबाजूच्या गट नंबरांची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) बघा. तिथं नोंदवलेली किंमत दिसते. त्याच संकेतस्थळावर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर आहे. तुमची किंमत त्याखाली जात असेल तर मुद्रांक शुल्क तरी सरकारी दरानंच लागतं. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तुमचा प्राप्तिकरही त्याच दरानं मोजला जातो.

जाहिरातीसाठी दारावर बोर्ड, ‘पुढारी’ किंवा ‘सकाळ’मध्ये छोटी जाहिरात, ओएलएक्स, मॅजिकब्रिक्स आणि ओळखीचे व्हॉट्सॲप ग्रुप पुरेत. फोटो सकाळच्या उजेडात काढा, त्यात रस्त्याची रुंदी आणि पार्किंगची जागा दिसू द्या. निम्मे फोन एजंटांचे येतील. ‘कमिशन देणार नाही’ एवढंच सांगून ठेवायचं. घर न बघताच टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा चोर असतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कागदांच्या झेरॉक्स विसार होईपर्यंत कुणाला देऊ नका, समोर बसवून दाखवा.

गिऱ्हाईक खरं आहे का, हे बोलण्यावरून कळत नाही, हिशेबावरून कळतं. साठ लाखांवर महापालिका हद्दीत सहा टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख ६० हजार होतं, नोंदणी फी ३० हजार. एकट्या महिलेच्या नावावर खरेदी असेल तर शुल्कात एक टक्का सूट मिळते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे इथं ४८ लाख. उरलेले बारा आणि वरचे ३ लाख ९० हजार मिळून १५ लाख ९० हजार त्याच्याकडे हवेत. हे आकडे कागदावर मांडून त्याला दाखवा. ‘बघतो, जमवतो’ म्हणाला तर विसार घेऊ नका.

विसारपत्र वकिलाकडूनच लिहून घ्या. त्यात एकूण किंमत, विसाराची रक्कम, मुदत (नव्वद दिवस ठीक), कर्ज नामंजूर झालं तर किती रक्कम परत, मुदत टळली तर काय, आणि सोलर, इन्व्हर्टर, फर्निचर यांतलं काय घरात राहणार, हे सगळं यावं. ताबा आत्ता देणार असा शब्दही त्यात नको. ताब्याचा उल्लेख आला की त्या कागदालाच खरेदीपत्राएवढं शुल्क लागू शकतं. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. घेतलेल्या रकमेएवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. ‘थोडं काळ्यात करू’ म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा.

व्यवहार पन्नास लाख किंवा वर असला की खरेदीदार एक टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापतो. तुम्ही तिघं वारस असाल आणि प्रत्येकाचे वीसच लाख असतील, तरी एकूण रक्कम बघून टीडीएस कापला जातो आणि ज्याच्या त्याच्या पॅनवर भरला जातो. प्रत्येकाचा पॅन आधारला जोडलेला आहे का ते आजच तपासा, नाहीतर एकाऐवजी वीस टक्के कापले जातील. नफ्यावरच्या कराचं विसाराआधी सीएला विचारा; वडिलांनी घर २००१ पूर्वी घेतलं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन लागेल. दुसरं घर घेणार असाल तर विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं, बांधणार असाल तर तीन.

दुय्यम निबंधकाकडे जायच्या दिवशी सगळे वारस, दोन साक्षीदार, मूळ आधार आणि पॅन सोबत हवेत. आई वयस्कर असेल तर बोटांचे ठसे मशीनवर उमटतात का याची तयारी आधी करा. क्रम असा ठेवा: गिऱ्हाइकाचा स्वतःचा वाटा आरटीजीएसनं आधी खात्यात, बँकेच्या कर्जाचा डीडी नोंदणीच्या टेबलावर, त्याचा नंबर खरेदीपत्रात लिहिलेला, आणि मगच सही. वैयक्तिक चेक स्वीकारू नका. डीडी वटून पैसे जमा झाले की किल्ली द्या, ताबापावती करा आणि त्यावर वीजमीटरचं त्या दिवशीचं रीडिंग लिहून दोघांनी सही करा. मीटर आणि घरफाळ्याला नवं नाव लागेपर्यंत ती पावती आणि सूची दोनची प्रत जपून ठेवा, कारण तोवर थकबाकीच्या नोटिसा तुमच्याच नावानं येत राहतात.