ईश्वरसाक्ष, देवाच्या नावाने आणि प्रमाण

निपाणीच्या एका वाचकांनी दोन शंका विचारल्या आहेत. शपथविधीच्या बातम्यांत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतली’ असे छापले जाते. ते ‘ईश्वरसाक्षी’ असायला हवे का, ही पहिली. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ‘अमुक आमदारांनी देवाच्या नावावर प्रमाण केले’ असे सर्रास म्हटले जाते, त्याला मराठी म्हणायचे की कानडी, ही दुसरी.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘ईश्वरसाक्ष’ हेच रूप बरोबर असून ते येथे क्रियाविशेषण आहे. साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. ‘ज्यात ईश्वर साक्षी आहे अशा रीतीने’ एवढा अर्थ संस्कृतात ‘ईश्वरसाक्षिकम्’ अशा एका शब्दात बसतो. राम आणि सुग्रीव यांचे सख्य अग्निसाक्षिक होते, आणि आपल्याकडची लग्ने आजही ‘अग्निसाक्ष’ लागतात. मराठीने शेपूट गाळले आणि अर्थ राखला. ‘ईश्वरसाक्षी शपथ’ असे लिहिल्यास साक्षी हे शपथेचेच विशेषण होऊन बसते. ‘ईश्वराच्या साक्षीने’ असे सुटे लिहिण्यास मात्र काहीच हरकत नाही.

दुसरी शंका अधिक रसाळ आहे, कारण तिच्यात तीन भाषांची व्याकरणे एकमेकांत अडकली आहेत. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन पर्याय दिले आहेत: देवाचे नाव घेऊन शपथ, किंवा देवाला न आणता केलेले कथन. मूळ इंग्रजीत आणि कर्नाटकातल्या कन्नड शपथेतही पहिला पर्याय ‘देवाच्या नावात’ अशा घडणीचा आहे. ‘देवर हेसरिनल्लि’ हा शब्दप्रयोग आपण दर निवडणुकीनंतर ऐकतो. हिंदीने ‘ईश्वर की शपथ’ अशी षष्ठी वापरली. मराठीने मात्र नाव हा शब्दच टाळला आणि देवाला साक्षीदार केले. दुसऱ्या पर्यायासाठी मराठीने ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे शब्द योजले आहेत. शपथविधीबाहेर दृढकथन केलेला एकही माणूस मला अद्याप भेटलेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

हा फरक केवळ शैलीचा नाही. ‘नावाने’ या शब्दाच्या आधीची जागा मोकळी असते आणि तिथे कोणाचेही नाव बसते. 20 मे 2023 रोजी बेंगळूरमध्ये झालेल्या शपथविधीत काँग्रेस नेते डी. के. शिवकुमार यांनी आपले श्रद्धास्थान असलेल्या गंगाधर अज्जांच्या नावाने शपथ घेतली, तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी यांनी बुद्ध, बसव आणि आंबेडकर यांच्या नावाने. कन्नडमध्ये हे सहज जमून जाते. ‘ईश्वरसाक्ष’च्या जागी ‘बसवसाक्ष’ किंवा ‘अज्जासाक्ष’ मात्र कोणी म्हणणार नाही. साक्षीदार तिथे हजर राहून पाहणारा लागतो, नुसते नाव पुरत नाही. म्हणून जारकीहोळी यांच्या शपथविधीची मराठी बातमी ‘ईश्वरसाक्ष’ या ठरीव शब्दाने देणे ही भाषेची नव्हे, वस्तुस्थितीची चूक ठरते.

आता ‘नावाने’ आणि ‘नावावर’. मराठीत ‘नावावर’ ही खातेवहीची आणि सातबाऱ्याची भाषा आहे: जमीन नावावर असते, उधारी नावावर पडते, दुसऱ्याच्या नावावर कोणीतरी पैसे उचलतो. म्हणूनच ‘देवाच्या नावावर मते मागितली’ यात आरोप असतो आणि ‘देवाच्या नावाने शपथ घेतली’ यात नसतो. देवाच्या नावावर शपथ घेतली, असे लिहिणाऱ्या बातमीदाराला बहुधा टोमणा मारायचा नसतो, पण वाक्य तो मारून जाते. ‘नावाने’देखील अगदी निर्मळ नाही, हे खरे. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणताना आपण हात जोडतो, आणि ‘रस्त्यांच्या नावाने चांगभलं’ म्हणताना कपाळावर मारून घेतो.

संविधान सभेतही या एका ‘नावाने’वरून मतदान झाले होते. 17 ऑक्टोबर 1949 रोजी सभेचे सदस्य एच. व्ही. कामत यांनी संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ करावा अशी सूचना मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. त्यामुळे उद्देशिकेत देव नाही आणि शपथेत तो ऐच्छिक आहे. मते मागण्याबाबत लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(3) मध्ये ‘त्याच्या धर्माच्या’ आधारे मत मागण्यास मनाई आहे, पण ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या, हे ठरवण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचे पीठ बसले. 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला की त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचाही धर्म येतो. एका सर्वनामावर इतका खल झालेला पाहून व्याकरणाच्या शिक्षकांना धन्य वाटावे! त्याच कलमाच्या यादीत धर्म आणि जात यांच्या बरोबरीने भाषाही आहे, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

राहिले ‘प्रमाण’. मराठीत प्रमाण म्हणजे माप, आधार किंवा पुरावा. कन्नडमध्ये या अर्थांशिवाय शपथ हाही त्याचा रोजचा अर्थ आहे. शपथविधीत तिथे ‘प्रमाणवचन’ स्वीकारले जाते, आणि उमेदवार अर्जासोबत जोडतो ते ‘प्रमाणपत्र’ म्हणजे आपले प्रतिज्ञापत्र. कन्नड बातमीवरून घाईने मराठी बातमी करणारा ‘उमेदवाराने प्रमाणपत्रात मालमत्ता जाहीर केली’ असे लिहितो आणि खानापूरच्या वाचकाला शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. ‘प्रमाण करणे’ हा बोलीतला प्रयोग कानडीच्या शेजारामुळे आला आहे. बोलण्यात त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण ऐकणाऱ्यालाही दोन्ही भाषा येतात. छापील मराठीत मात्र ‘शपथ घेणे’च हवे.

कन्नड राजकारणातला ‘आणे-प्रमाण’ हा जोडशब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्याने केलेला आरोप खोटा आहे, हिंमत असेल तर देवळात येऊन शपथ घे, असे आव्हान देणे म्हणजे आणे-प्रमाण. जून 2011 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा आणि माजी मुख्यमंत्री कुमारस्वामी यांच्यातील अशाच आव्हानाने धर्मस्थळ या तीर्थक्षेत्राकडे साऱ्या राज्याचे डोळे लागले होते. दोघेही तिथल्या मंजुनाथाच्या दर्शनाला गेले, शपथ मात्र झाली नाही. यातला ‘आणे’ आपल्याला परका नाही. संस्कृत ‘आज्ञा’, प्राकृत ‘आणा’, मराठी ‘आण’ आणि कन्नड ‘आणे’ हे एकाच घरचे शब्द आहेत. कन्नड माणूस ‘देवराणे’ म्हणतो. मराठी माणूस ‘देवाची आण’ म्हणता म्हणता ते ‘देवाच्यान’पर्यंत झिजवतो, इतके की ‘आईच्यान’ म्हणणाऱ्या पोराला आपण आण घेत आहोत याचा पत्ताही नसतो. ‘शपथ’ मात्र ‘शप्’ या शाप देण्याच्या धातूपासून आली आहे. खोटे बोललो तर माझे वाईट होवो, ही अट तिच्या पोटातच आहे.

ती अट गावच्या निवडणुकीत आजही जिवंत आहे. बेलभंडार, म्हणजे बेलाचे पान आणि देवाची हळद, उचलून शब्द देण्याची जुनी रीत मराठी मुलखाची. सौंदत्तीच्या यल्लम्माचा आणि चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा घरोघरी असलेल्या आपल्या भागात ‘भंडारा उचलला’ म्हणजे मत पक्के झाले, असा अर्थ आपोआप होतो. मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हे त्याच 1951 च्या अधिनियमात गैरवाजवी दडपण ठरवले आहे. तेव्हा ‘त्यांनी वाड्यावर नेऊन भंडारा उचलायला लावला’ या वाक्यातले ‘लावला’ हे प्रयोजक क्रियापद बातमी लिहिताना गाळू नये.