व्यायलेल्या कुत्रीचं कॅल्शियम अचानक उतरतं तेव्हा

गाभण आणि दुधावरच्या कुत्र्यांबद्दल आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याभोवती फिरत होती, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे. लांबलेले प्रश्न थोडे आवरते घेतले आहेत.

प्रश्न : आमची पोमेरेनियन पहिल्यांदाच व्याली, पिल्लं पाच. सतराव्या दिवशी संध्याकाळपासून ती पिल्लांजवळ बसेना. सारखी उठायची, धापा टाकायची, पंजाने तोंड खाजवायची. दमली असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. रात्री पाय काठीसारखे ताठ झाले आणि ती आडवी पडून थरथरू लागली. दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिल्यावर थोड्याच वेळात उठून बसली. हे आधी ओळखता आलं असतं का?

उत्तर : आलं असतं, आणि ओळखायची खूण तुम्हीच लिहिली आहे: पिल्लांजवळ बसेना. दोन-अडीच आठवडे पिल्लांना चिकटून असलेली आई अचानक अस्वस्थ होऊन उठते, कण्हते, विनाकारण धापा टाकते, तोंड जमिनीवर किंवा पंजाने घासते, तेव्हा थर्मामीटर आणि डॉक्टरांचा नंबर दोन्ही हाताशी हवेत. पुढची पायरी चालण्यात दिसते. मागचे पाय वाकत नाहीत, पावलं आखडून पडतात. मग कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडतात, अंग थरथरतं, शेवटी झटके. पहिल्या खुणेपासून झटक्यांपर्यंतचा प्रवास काही तासांचाच असू शकतो, म्हणून 'सकाळी बघू' हा निर्णय इथे महाग पडतो.

तुमच्या कुत्रीत धोक्याच्या सगळ्या गोष्टी जुळून आल्या होत्या: लहान जात, पहिली वेळ, अंगाच्या मानाने जास्त पिल्लं आणि व्यायल्यानंतरचे पहिले चार आठवडे. पिल्लं मोठी होतात तसं त्यांचं पिणं वाढतं. दुधावाटे जाणारं कॅल्शियम खाण्यातून आणि हाडांतून भरून निघेनासं झालं की रक्तातली पातळी घसरते. नसांची आवरणं शांत ठेवण्याचं काम हे कॅल्शियम करत असतं. ते कमी झालं की नसा आपोआप संदेश सोडू लागतात आणि स्नायू आखडत राहतात. त्यात धाप भर घालते. जोरजोरात श्वास टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना आणखी चिकटतं. म्हणजे धापेने त्रास वाढतो आणि त्रासाने धाप.

प्रश्न : आमच्या भागात रात्री उघडा असलेला दवाखाना तासाभरावर आहे. तोपर्यंत घरी काय करावं? कॅल्शियमच्या गोळ्या कुटून तोंडात घातल्या तर?

उत्तर : थरथरणाऱ्या, जबडा आवळलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्रीच्या तोंडात काहीही घालू नका. गोळी नको, सिरप नको, पाणीसुद्धा नको. गिळण्यावर ताबा नसतो, ते फुप्फुसात जातं, आणि तुमच्या बोटांवर दात बसतात ते वेगळंच. ती अजून चालते आहे, नीट गिळते आहे आणि फोनवर डॉक्टर 'द्या' म्हणाले, तरच गोळी. तीही निघायची तयारी चालू असताना. गोळीचा परिणाम होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, कारण या अवस्थेत भरवशाचा उपाय शिरेतलं कॅल्शियमच.

पहिलं काम म्हणजे पिल्लं बाजूला काढणं. एकदाही आणखी पाजू नका. त्यांना वेगळ्या खोक्यात उबेला ठेवा. मग दवाखान्यात फोन करा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत त्यांची तयारी होईल. खोलीतला दिवा मंद करा, आवाज बंद करा. अशा कुत्रीला दार आपटल्याचा धक्काही झटक्यासाठी पुरतो.

ती लावू देत असेल तर गुदद्वारातून ताप मोजा. स्नायू सतत आकुंचन पावल्याने अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं (एरवी साधारण ३८ ते ३९.२ असतं). ४० च्या पुढे असेल तर पोटाला आणि पंजांना साध्या पाण्याचं ओलं फडकं लावा आणि गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. बर्फ नको. ३९.५ च्या आसपास आलं की थांबा, कारण दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि ताप आपोआप खाली येतो. आधीच गार केलेली कुत्री मग जास्तच गार पडते.

जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: कधी व्याली, पिल्लं किती, कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन काय आणि किती दिवस दिलं, आणि घरात उंदराचं किंवा गोगलगायीचं विष, चॉकलेट असं काही तिच्या तोंडाशी आलं असेल का. शेवटचा मुद्दा उगाच नाही. गोगलगायीच्या विषाने आणि रक्तातली साखर उतरल्यानेही असेच झटके येतात. चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला असेल तर त्याचाही उपयोग होतो.

प्रश्न : गोठ्यात गाईसाठी आणलेली कॅल्शियमची बाटली आहे. गाईला ती कातडीखाली दिलेली मी पाहिली आहे. कुत्रीला थोडी देता येईल का? आणि गाय मिल्क फिव्हरमध्ये मलूल होऊन बसते, कुत्री मात्र ताठते, असं का?

उत्तर : बाटलीला हात लावू नका. गाईच्या बाटल्यांत बऱ्याचदा कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम, फॉस्फरस, ग्लुकोज असं मिश्रण असतं आणि मात्रा काही शे किलोच्या जनावराच्या हिशोबाची असते. कुत्रीच्या कातडीखाली तीव्र कॅल्शियम गेलं तर तिथली त्वचा कुजून जखम होऊ शकते, काहींच्या त्वचेत चुन्यासारख्या कडक गाठी बसतात.

दवाखान्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे घरी इंजेक्शन ठेवण्याचा विचार मनातून जाईल. साधारणपणे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, किलोमागे अर्धा ते दीड मिलिलीटर, तेही १० ते ३० मिनिटं घेऊन, थेंबाथेंबाने. एक हात सिरिंजवर आणि कानाला स्टेथोस्कोप, किंवा शेजारी ईसीजी. ठोके मंदावले, चुकले किंवा उलटी आली की थांबायचं, थोड्या वेळाने आणखी हळू द्यायचं. घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. पुस्तकातला आकडा हा अंदाज असतो. किती पुरे, ते त्या वेळी कुत्रीचं हृदय आणि स्नायू सांगतात. म्हणूनच कॅल्शियम दिलं जात असताना कुणी फोनवर बोलत असलेलं मला चालत नाही, मग तो मालक असो की मदतनीस.

गाईच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: गाईत कॅल्शियम घटलं की नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेशच अडतो, म्हणून ती मलूल होते. कुत्रीत तो पूल चालू राहतो आणि वर नसा बेलगाम होतात, म्हणून ती ताठते.

प्रश्न : गाभण राहिल्यापासून मी रोज कॅल्शियमचं सिरप देत होते, एक दिवसही चुकवला नाही. तरीही व्यायल्यावर दहाव्या दिवशी हेच झालं. मग सिरपचा उपयोग काय?

उत्तर : ताई, सिरप नियमित दिलं हीच इथली अडचण आहे. हा सल्ला फार पसरलेला आहे. 'पोटात पिल्लं आहेत, कॅल्शियम द्या' हे ऐकायला इतकं योग्य वाटतं की कुणी शंका घेत नाही.

रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की मानेतल्या इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात. त्याच्या जोरावर हाडांतून कॅल्शियम निघतं, मूत्रपिंड ते लघवीत जाऊ देत नाही, आणि सक्रिय झालेल्या व्हिटॅमिन डीमुळे आतडी खाण्यातून जास्त शोषतात. गाभणपणात आठवडेच्या आठवडे बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं तर या ग्रंथींना काम उरत नाही, त्या सुस्तावतात. मग व्यायल्यावर दुधाची मागणी एकदम वाढते, आणि ग्रंथी पुन्हा पूर्ण जोमाने चालायला दिवस लागतात. तुमची कुत्री नेमकी त्या दिवसांत सापडली.

म्हणून गाभणपणात वरून कॅल्शियम नाही, हा माझा नियम आहे. डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून दिलं तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी अन्न बदला. साधारण ६३ दिवसांच्या गाभणपणातल्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात आणि दूध पाजत असेपर्यंत तिला वाढत्या पिल्लांसाठीचं संतुलित तयार खाद्य द्या. त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान बरोबरीने किंवा थोडं जास्त असतं. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो, त्यामुळे 'मांस खाते, ताकद आहे' हा हिशोब चुकतो. घरचंच खाणं द्यायचं असेल तर ते व्यायच्या कितीतरी आधी डॉक्टरांकडून मोजून ठरवून घ्या. धान्यं आणि कडधान्यांतलं फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, हेही त्यांच्या हिशोबात यायला हवं.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर आज ५९ व्या दिवशी थरथरते आहे, जमीन उकरते आहे, खात नाही. कॅल्शियम कमी झालं का?

उत्तर : बहुधा ती व्यायला लागली आहे. थरथर, धाप, उकरणं, खाणं सोडणं हे कळांच्या पहिल्या टप्प्याचं नेहमीचं चित्र आहे. व्यायच्या साधारण एक दिवस आधी अंगाचं तापमान ३७.२ अंशांच्या आसपास किंवा खाली येतं, ते मोजून बघा. कॅल्शियम घटलेल्या कुत्रीत ते सहसा वर चढतं आणि चाल ताठरते. मात्र व्यायच्या सुमारासही कॅल्शियम घटू शकतं, मोठ्या जातीतही, आणि कधी कधी त्यामुळेच कळा मंद पडतात. अर्धा तास जोर लावूनही पिल्लू आलं नाही, किंवा दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त अंतर पडलं, तर दवाखाना गाठा. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही टोचून घेऊ नका.

प्रश्न : आता ती बरी आहे. पिल्लं परत पाजू का? आणि माणसांसाठीची ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी घरात आहे, ती दिली तर कॅल्शियम लवकर भरेल ना?

उत्तर : पुडी आधी कपाटात ठेवा. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. पाच किलोच्या कुत्रीला ती पुडी त्याच्या तिप्पट पडते. मग कॅल्शियम दुसऱ्या टोकाला जातं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. व्हिटॅमिन डी लागलंच तर ते डॉक्टर मोजून देतील. स्टेरॉइडसुद्धा या दुखण्यात आपल्या मनाने देऊ नये, त्याने आतड्यातून शोषण घटतं आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

पिल्लं किमान १२ ते २४ तास आईपासून दूर ठेवायची. तीन आठवड्यांच्या पुढची असतील तर आईचं दूध तोडून मऊ भिजवलेल्या खाद्यावर आणणंच मी पसंत करतो. त्याहून लहान असतील तर पिल्लांसाठीची दुधाची भुकटी, डब्यावरच्या प्रमाणात, अंगाइतकी कोमट. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिनं आणि चरबी असते, आणि साखर जास्त, त्यामुळे त्यावर पिल्लं जुलाबाला लागतात. पाजताना पिल्लू पोटावर हवं, बाळासारखं उताणं नको. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध.

आईला या काळात तोंडावाटे कॅल्शियम चालू राहतं, दिवसातून दोन-तीनदा, खाण्याबरोबर. एक बारकी गोष्ट: ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत खरं कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच असतं. काही डबे एक आकडा छापतात, काही दुसरा. तेव्हा डॉक्टरांना डबाच दाखवा. पुन्हा पाजायला लावल्यावर परत ताठरली, तर त्या वेतापुरतं पाजणं कायमचं बंद.

प्रश्न : पुढच्या वेळी पुन्हा होईल का?

उत्तर : एकदा झालेल्या कुत्रीत पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. मला विचाराल तर लहान जातीच्या अशा कुत्रीला पुन्हा विऊ देऊ नये. दूध आटल्यावर नसबंदी करून घ्यावी. तरीही ठरवलंच असेल तर गाभणपणात वरून कॅल्शियम द्यायचं नाही. ते व्यायल्यावर सुरू करायचं आणि दूध पाजते तोवर, डॉक्टरांच्या मात्रेत चालू ठेवायचं. पिल्लं जास्त असतील तर पहिल्या आठवड्यापासूनच वरचं दूध जोडीला द्यावं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्यासमोर मऊ खाद्याची ताटली ठेवावी.