साथीदारांच्या मागोमाग

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

‘मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत असे अल्बम’ ही तुझी यादी पाहिली. कुठून सुरुवात करू, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर ती यादी तूर्त मिटून ठेव. अशा याद्यांमध्ये सतराव्या अल्बमनंतर अठरावा का, याला काही उत्तर नसतं. माणूस ऐकत जातो, खुणा करत जातो, आणि वर्षभराने त्यातलं एक गाणंही गुणगुणता येत नाही.

माझी पद्धत साधी आहे. आवडलेल्या गाण्यातला एक माणूस धरायचा आणि तो आणखी कुठे कुठे वाजवतो ते शोधत जायचं. तो गायक नसला तर फारच उत्तम. गायकाच्या मागे गेलास तर त्याच त्याच आवाजाची दहा गाणी मिळतील. ड्रमवाल्याच्या मागे गेलास तर कुठे पोचशील, सांगता येत नाही.

तुला मायकल जॅक्सन पाठ आहे, तर तिथूनच निघू. १९८२ च्या त्याच्या ‘थ्रिलर’ या अल्बममधलं पहिलं गाणं संपत येतं तेव्हा ‘मामा-से, मामा-सा’ असा एक घोष सुरू होतो, आठवतोय ना? तो आला कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मानू दिबांगो याच्याकडून. १९७२ मध्ये आफ्रिका खंडाची फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये भरली होती आणि दिबांगोने आपल्या संघासाठी एक गाणं केलं. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याने जागा भरायला ‘सोल मकोसा’ घातलं. मकोसा ही दुआला शहराची नाचाची चाल. पुढची बाजू लोक विसरून गेले. मागची बाजू मात्र न्यूयॉर्कला पोचली, तिथे डेव्हिड मान्कुसो आपल्या घरच्या पार्ट्यांमध्ये ती वाजवू लागला आणि बघता बघता तबकड्या मिळेनाशा झाल्या. पुढे जॅक्सनने तो घोष थोडा बदलून घेतला, दिबांगोने दावा सांगितला, पैसे देऊन प्रकरण मिटलं. २००७ मध्ये रिहानाच्या गाण्यात तोच घोष पुन्हा आला आणि पुन्हा वाद झाला. आता मूळ ‘सोल मकोसा’ ऐक. त्यातला दिबांगोचा खर्जातला, अर्धवट बोलका, जरा मिश्कील आवाज जॅक्सनच्या गाण्यात कुठेही नाही.

सोल संगीताबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या, चर्चच्या गाण्यातून आलेल्या गायकीबद्दल तू विचारलंस, त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ तू ऐकलं असशीलच. ते मूळचं ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. त्याच्या गाण्यात कमावून घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि सगळा हिशेबच उलटा झाला. एकेक अक्षर सुटं करून म्हणायची ती प्रसिद्ध जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच. मागून टोमणे मारल्यासारख्या येणाऱ्या कोरसमध्ये तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐक, मग एकाच चालीला दोन स्वभाव कसे असतात ते कळेल.

पण मला तुझं लक्ष तिच्या मागे बसलेल्या रॉजर हॉकिन्सकडे वेधायचं आहे. हा अलाबामातल्या मसल शोल्स या आडगावचा ड्रमवादक. त्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला आणि त्याच्या साथीदारांना मुद्दाम न्यूयॉर्कला बोलावलं होतं. त्याच्या वाजवण्यात चमत्कृती औषधालाही सापडत नाही. तो ठेका धरतो आणि गायिकेला जागा करून देतो, बस. पर्सी स्लेजच्या ‘व्हेन अ मॅन लव्ह्‌ज अ वुमन’मध्ये (१९६६) तोच आहे. स्टेपल सिंगर्सच्या ‘आय विल टेक यू देअर’मध्ये (१९७२) तोच आहे. असं सांगतात की हे दुसरं गाणं ऐकून अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनने त्यातले कृष्णवर्णीय वादक हवेत म्हणून चौकशी केली, आणि प्रत्यक्षात समोर आली ही गोरी मंडळी! किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण सायमन मसल शोल्सला गेला, तिथे त्याने १९७३ चा अल्बम केला आणि त्यात हॉकिन्स वाजवतोय, हे पक्कं.

आता सायमन हाताशी आलाच आहे तर त्याचं बोट धरून पुढे चल. १९८५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला गेला आणि पुढच्या वर्षी त्याचा ‘ग्रेसलँड’ हा अल्बम आला. रे फिरीची गिटार, बाकिथी कुमालोची घसरत जाणारी बास गिटार, लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोचा पुरुषांचा समूहस्वर. अल्बम सुंदर आहे, आणि त्यावरचं भांडणही खरं आहे. वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार होता, तो मोडून सायमन तिथे गेला. वादकांना त्याने चांगले पैसे दिले, नावं दिली, जगभर नेलं. बहिष्कार पाळणाऱ्यांचं म्हणणं असं की हा निर्णय एकट्या सायमनने घ्यायचा नव्हता. मला दोन्ही बाजू पटतात आणि अल्बम मी अजूनही लावतो. तू ते भांडण वाचून मग ऐक. शिवाय सायमनपाशी थांबू नकोस. माम्बाझोचे स्वतःचे झुलू भाषेतले अल्बम ऐक. खाणकामगारांच्या वसतिगृहांत वाढलेली ही गायकी आहे. पावलं हलकी टाकत, दबक्या आवाजात म्हणायची. तिथून दक्षिण आफ्रिकेचेच माहलाथिनी आणि माहोटेला क्वीन्स फार लांब नाहीत. माहलाथिनीचा घोगरा आवाज पहिल्यांदा ऐकून हसू येतं, दुसऱ्यांदा पाय हलायला लागतात.

बघ, अरीथापासून निघून आपण कुठे आलो. मधे कुठेही ‘आता आफ्रिकेचं संगीत ऐकूया’ असं ठरवावं लागलं नाही.

‘वर्ल्ड म्युझिक’ या कप्प्याला म्हणूनच फार मान देऊ नकोस. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली होती. मालीची, बल्गेरियाची, पाकिस्तानची तबकडी दुकानात कुठल्या खणात ठेवायची, ही त्यांची अडचण. त्यावर काढलेला हा तोडगा. दुकानदाराची सोय झाली, त्यामुळे पुष्कळ संगीत लोकांपर्यंत पोचलं, हे मान्यच. पण नुसरत फतेह अली खानांची कव्वाली आणि केप व्हर्देच्या सेझारिया एव्होराची उदास मोर्ना (तिथला गाण्याचा प्रकार) यांच्यात, दोन्ही इंग्रजी नाहीत, यापलीकडे साम्य काय?

इथिओपियासाठी तुझे कान आधीच तयार आहेत. तिथल्या तिझिता नावाच्या स्वरावलीचं एक रूप म्हणजे थेट आपल्या भूपाचे पाच स्वर. मुलातू अस्तात्केने बोस्टनला शिकून आल्यावर असल्या स्वरावल्यांना व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) आणि जॅझची साथ दिली. भूप शोधत ऐकू नकोस मात्र. स्वर तेच असले तरी थांबण्याच्या जागा वेगळ्या आहेत, आणि मजा तिथेच आहे.

शब्द कळत नाहीत, ही तुझी तक्रार. पहिल्या दोन-तीन वेळा कळले नाहीत तर बरंच. तेवढ्यात आवाज कुठे दाटतो, कुठे मोकळा होतो, हे ध्यानात येतं. नंतर मात्र अर्थ शोधच. नाहीतर नायजेरियाच्या फेला कुटीच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या गाण्यांवर तू नुसता नाचत राहशील आणि तो लष्करी राजवटीची सालं काढतोय हे कळणारच नाही. (त्याच्या मागचा टोनी ॲलन हा आणखी एक धरण्यासारखा ड्रमवादक. त्याचा माग काढलास तर थेट ब्लर या इंग्लिश बँडच्या डेमन अल्बार्नपर्यंत येशील.)

एक इशारा. सोल म्हणजे हरकतींचा पाऊस, असा समज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी करून दिलाय. अरीथाचा १९७२ चा ‘अमेझिंग ग्रेस’ हा चर्चमध्ये मुद्रित झालेला अल्बम ऐक. ती हरकती घेते, भरपूर घेते, पण आधी प्रत्येक ओळ श्रोत्यांपुढे नीट मांडते आणि मगच ती उलगडते. श्रोते मधेच ओरडून दाद देतात, ती दाद घेऊन ती पुढची जागा रचते. हे घाईत ऐकायचं काम नाही. रात्र मोकळी ठेव.

आणि आता या महिन्याचं काम. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन. १९६० च्या दशकातली त्या कंपनीची गाजलेली बहुतेक गाणी याच्या एका तर्जनीवर उभी आहेत. तो एकाच बोटाने तारा छेडायचा. तबकडीवर नाव मात्र छापलं जात नसे. ते आलं १९७१ मध्ये, मोटाउनचाच गायक मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ (१९६७) लाव आणि गायकाकडे साफ दुर्लक्ष करून फक्त बास ऐक. फोनच्या स्पीकरवर तो जवळपास ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन लाव. पुढच्या पत्रात बाकी काही नको. बास गायकाच्या पुढे कुठे जातो आणि मागे कुठे राहतो, तेवढंच लिहून पाठव.

तुझा,
काका